मनोरा नसलेल्या धावपट्टीवर

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उड्डाणाचे धडे घेणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला एक सवय पहिल्या काही दिवसांतच लागते. विमान उभे असलेल्या जागेवरून हलविण्यापूर्वी तो रेडिओवरून विचारतो. धावपट्टीच्या कडेशी येऊन थांबला की पुन्हा विचारतो. उड्डाण करण्यापूर्वी विचारतो आणि उतरण्यापूर्वीही विचारतो. नियंत्रण मनोऱ्यातील अधिकाऱ्याचा होकार कानी पडेपर्यंत त्याचे लहानसे सेसना जागचे हलत नाही. आणि मिळालेली आज्ञा परत उच्चारून दाखविल्याखेरीज ती पोहोचली असे धरले जात नाही. विमानतळावरील वाहतुकीची सारी शिस्त या प्रश्नोत्तरांवर उभी आहे.

हाच प्रशिक्षणार्थी एखाद्या लहान धावपट्टीवर गेला म्हणजे त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसते. तेथे मनोरा नाही, अधिकारी नाही. रेडिओचे बटण दाबून तो बोलतो खरा, परंतु ते विचारणे नसते. ती घोषणा असते. आपण कोठे आहोत आणि काय करणार आहोत, एवढेच तो सांगतो. ती घोषणा कोणी ऐकली काय, ऐकणाऱ्याला तिचा अर्थ नीट लागला काय, आणि न ऐकणारे एखादे विमान त्याच क्षणी त्याच धावपट्टीकडे येत आहे काय, हे त्याने स्वतःच पडताळून पाहावयाचे असते. धावपट्टी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारी विमाने दोन, हा पेच येथून उद्भवतो.

विदर्भातील धावपट्ट्या

विमानांच्या गाठीभेटी नागपूरला नव्या नाहीत. देशाच्या मध्यावर असलेल्या या शहरात १९४९ पासून कित्येक वर्षे रात्रीची टपाल विमाने एकत्र येत असत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या वाटेला लागत. चार दिशांची विमाने एका धावपट्टीवर एका सुमारास येत असली तरी त्यांचा क्रम ठरविणारा मनोरा जागा असे. आजही सोनेगावच्या ३,२०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर कोण आधी आणि कोण नंतर, हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक ठरवितात.

राज्याच्या अन्य भागांतील कित्येक धावपट्ट्यांची स्थिती निराळी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वा उद्योगनगरीजवळ बांधलेल्या या पट्ट्यांवर दिवसाकाठी एखादे विमान उतरले तरी पुष्कळ, अशी अनेक वर्षे परिस्थिती होती. तेथे मनोरा उभारून चोवीस तास नियंत्रक नेमणे परवडणारे नव्हते आणि त्याची निकडही नव्हती. ही काही आपल्याकडचीच उणीव नव्हे. अमेरिकेत सार्वजनिक वापराच्या पाच हजारांच्या आसपास विमानतळांपैकी मनोरे आहेत ते सुमारे पाचशे ठिकाणीच. कमी वाहतुकीच्या ठिकाणी वैमानिकांनी एकमेकांना सांगून, एकमेकांना पाहून आपला क्रम आपणच लावावा, हा सर्वत्र मान्य असलेला व्यवहार आहे.

मात्र लहान धावपट्टीवरील वाहतूक आता पूर्वीइतकी विरळ राहिलेली नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर फ्लाइंग क्लबने चंद्रपूरजवळील मोरवा येथे प्रशिक्षण उड्डाणे सुरू केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या गोंदियाजवळील बिरसी धावपट्टीवर अनेक वर्षांपासून वैमानिक घडविले जात आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तेथे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या सहकार्याने एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे ठरले असून वर्षाला १८० वैमानिक घडविण्याचा संकल्प आहे. त्यासाठी पायपर बनावटीची ३१ एक-इंजिनी आणि डायमंड बनावटीची ३ दोन-इंजिनी विमाने मागविण्यात आल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. प्रशिक्षणाची विमाने केवळ आपल्या तळाभोवती फिरत नाहीत. दूर पल्ल्याच्या सरावासाठी ती शेजारच्या जिल्ह्यांच्या धावपट्ट्यांवरही जातात.

पश्चिम महाराष्ट्रात बारामतीला हे चित्र अगोदरच दिसू लागले होते. तेथे मनोरा नसताना दोन प्रशिक्षण संस्थांची विमाने एकाच धावपट्टीवर उड्डाणे करीत आणि वाहतुकीची माहिती त्याच संस्थांचे शिक्षक व वैमानिक रेडिओवरून देत असत. २८ जानेवारी २०२६ रोजी तेथे उतरताना झालेल्या विमान अपघातात राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. ती दोन विमानांची टक्कर नव्हती आणि प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. तथापि मनोरा नसलेला विमानतळ म्हणजे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून घरोघरी विचारला जाऊ लागला.

फेरीचा हिशेब

लहान विमान धावपट्टीवर येते ते वाटेल तसे नव्हे. धावपट्टीभोवती एक अदृश्य चौकोनी वाट आखलेली असते. वैमानिक तिला सर्किट म्हणतात. विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडते, डावीकडे वळते, सुमारे एक हजार फुटांवर म्हणजे तीनशे मीटर उंचीवर धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते, मग दोनदा डावीकडे वळून धावपट्टीच्या रेषेत उतरू लागते. समांतर बाजूला डाऊनविंड, नंतरच्या आडव्या बाजूला बेस आणि अखेरच्या सरळ उताराला फायनल अशी नावे आहेत. ही वाट सर्वांना ठाऊक असल्यामुळे 'डाऊनविंड' एवढा शब्द कानी पडला की ते विमान आकाशाच्या कोणत्या भागात शोधावे हे दुसऱ्याला कळते.

नवशिक्या वैमानिक तासभर हीच फेरी पुनःपुन्हा घालतो. चाके टेकवायची आणि न थांबता पुन्हा वर जायचे, असा सराव चालतो. एका फेरीला सहा मिनिटे लागतात असे धरले आणि फेरीत चार विमाने असली, तर दर दीड मिनिटाला कोणीतरी धावपट्टीवर असणार. त्यातच एखादे विमान थांबण्यासाठी उतरले की हिशेब विस्कटतो. लहान धावपट्टीला बहुधा समांतर मार्ग नसतो. उतरलेल्या विमानाला टोकाशी वळून त्याच पट्टीवरून मागे यावे लागते. बाराशे मीटरची पट्टी ताशी वीस किलोमीटर वेगाने मागे चालून यावयाचे म्हटले तर साडेतीन मिनिटांहून अधिक काळ लागतो. तेवढ्या वेळात मागची दोन विमाने उतरण्याच्या बेतात आलेली असतात.

वाऱ्याचाही एक भाग आहे. प्रत्येक धावपट्टीला दोन टोके आणि दोन क्रमांक असतात. होकायंत्रावरील अंशांना दहाने भागून हे क्रमांक देतात. सोनेगावची पट्टी एका बाजूने १४ तर दुसऱ्या बाजूने ३२ आहे. म्हणजे एका टोकाकडून उडणारे विमान आग्नेयेला आणि दुसऱ्या टोकाकडून उडणारे वायव्येला जाते. कोणते टोक वापरावयाचे हे वारा ठरवितो. तो भणभणता असला तर वादाला जागा नाही. वैमानिक वाऱ्याचा मोजा पाहतात आणि सारे एकाच दिशेने येतात. अडचण होते ती वारा पडलेला असताना. विदर्भात हिवाळ्यातील पहाटेची हवा निवांत असते आणि प्रशिक्षण उड्डाणांना तीच वेळ सोयीची वाटते. मोजा खांबाशी लोंबत असतो. एकाला आपल्या तळाजवळचे टोक सोयीचे वाटते, तर बाहेरून येणाऱ्याला आपल्या वाटेतले. दोघांचाही निर्णय आपापल्या जागी बरोबर असतो आणि दोघे समोरासमोर येतात. त्यात भर धुक्याची आणि चुलींच्या धुराची. अशा सकाळी समोरचे विमान दिसते ते पुष्कळ उशिरा.

तिसरे कारण वेगाचे. प्रशिक्षणाचे सेसना उतरताना ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असते. उद्योगपतींना वा रुग्णाला घेऊन येणारे छोटे जेट ताशी सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर वेगाने येते. हे विमान सहसा चौकोनी फेरी न घालता दुरून थेट सरळ रेषेत उतरू पाहते. 'दहा मैलांवर आहे', असे त्याने सांगितले की फेरीतल्या शिकाऊ वैमानिकाला ते अजून फार दूर वाटते. हे मैल सागरी असतात, म्हणजे एकूण अंतर साडेअठरा किलोमीटर. ताशी २४० किलोमीटर वेगाला त्यासाठी साडेचार मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागतो. शिकाऊ वैमानिकाची एक फेरीसुद्धा तेवढ्यात पुरी होत नाही.

क्विन्सीची चूक

रेडिओ असला, सर्वांनी त्यावर बोलायचे ठरविले आणि सारे बोललेही, तरी काय घडू शकते हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी विमानतळावर १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसून आले. त्या घटनेची चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. मनोरा नसलेल्या विमानतळांच्या अभ्यासात तिचा उल्लेख टाळता येत नाही.

क्विन्सीला एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या होत्या. संध्याकाळच्या वेळी बीचक्राफ्ट १९०० बनावटीचे एक प्रवासी विमान १३ क्रमांकाच्या पट्टीवर उतरण्यासाठी येत होते. त्यात दहा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. ४ क्रमांकाच्या पट्टीच्या टोकाशी दोन विमाने उभी होती. पुढे किंग एअर हे दोन इंजिनांचे विमान आणि त्याच्या मागे चेरोकी हे लहान विमान. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी आपण येत असल्याचे अनेकदा सांगितले. अखेरच्या टप्प्यात त्यांनी सरळ विचारलेही की पट्टीच्या टोकाशी असलेले विमान थांबणार आहे की उडणार आहे. उत्तर आले की थांबलो आहे. वैमानिकांनी आभार मानले आणि उतार चालू ठेवला.

ते उत्तर किंग एअरचे नव्हते. मागे उभ्या असलेल्या चेरोकीच्या वैमानिकाने ते दिले होते. त्याने आपला क्रमांक सांगितला होता, परंतु विमानाचा प्रकार सांगितला नव्हता. त्याच्या बोलण्याचा पुढचा भाग ऐकू येण्याच्या वेळीच प्रवासी विमानातील जमिनीची उंची सांगणारे यंत्र बोलले आणि काही शब्द त्यात बुडाले. किंग एअरमधून कोणीच काही बोलले नाही. ते सुमारे मिनिटभर पट्टीवर उभे राहिले आणि कसलीही घोषणा न करता धावू लागले. दोन्ही विमानांची गाठ पट्ट्यांच्या छेदावर पडली. दोन्ही विमानांतील सर्व चौदा जण मरण पावले.

चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांवर ठेवण्यात आला. त्यांनी रेडिओकडे लक्ष दिले नाही आणि येणारे विमान पाहण्यासाठी आकाश न्याहाळले नाही. परंतु या प्रकरणात अधिक विचार करण्यासारखे आहे ते चेरोकीचे उत्तर. त्या वैमानिकाने काही गैर हेतूने उत्तर दिले नव्हते. प्रश्न आपल्याला आहे असे त्याला वाटले. ज्यांनी विचारले त्यांनाही हवे असलेले उत्तर मिळाले. मनोऱ्यातील नियंत्रकाने हे संभाषण ऐकले असते तर त्याच्या डोळ्यांसमोर दोन विमाने असती आणि बोलले कोण हे त्याने ताडून पाहिले असते. मनोरा नसलेल्या ठिकाणी रेडिओवरील शांततेपेक्षा चुकीच्या माणसाने दिलेले आश्वासक उत्तर अधिक घातक ठरते, कारण शांतता असली तर वैमानिक सावध राहतो.

म्हणूनच घोषणेचा साचा ठरलेला आहे आणि शिक्षक तो घोटून घेतात. आधी धावपट्टीच्या गावाचे नाव, मग आपल्या विमानाचा प्रकार आणि संकेत, मग जागा व उंची, मग पुढे काय करणार ते आणि शेवटी पुन्हा गावाचे नाव. गावाचे नाव दोनदा घेण्याचे कारण असे की जवळपासच्या दोन धावपट्ट्या एकच लहरी वापरीत असल्या तर ऐकणाऱ्याला ती हाक कोणत्या गावाची हे कळावे. विमानाचा प्रकार सांगितला म्हणजे इतरांनी काय शोधायचे हे कळते. रेडिओची आणखी एक मर्यादा आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर इतरांना केवळ किंचाळल्यासारखा आवाज ऐकू येतो आणि बोलणाऱ्या दोघांना आपला निरोप पोहोचला असे वाटत राहते. लांबलचक बोलणारा वैमानिक यामुळे नुसता कंटाळवाणा ठरत नाही, तर दुसऱ्याची हाक अडवून धरतो.

पंखाआडचे विमान

आवाजानंतर उरते ती दृष्टी. परंतु विमानातून सर्व बाजूंचे दिसत नाही. नागपूरच्या क्लबमधील सेसना विमानांचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात. खालची शेते, रस्ते आणि नदी त्यातून छान दिसतात. वरचे आकाश मात्र झाकले जाते. वळताना आतील पंख खाली झुकतो आणि ज्या बाजूला वळावयाचे तीच बाजू, म्हणजे धावपट्टी आणि फायनलवरील विमाने, काही क्षण दिसेनाशी होतात. पायपर आणि डायमंड विमानांचे पंख वैमानिकाच्या खालच्या अंगाला असतात. त्यातून वरचे दिसते, खालचे दिसत नाही. आता फायनलवर वरून पायपर आणि खालून सेसना एकाच रेषेत उतरत आहेत अशी कल्पना करावी. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. पुढील काळात विदर्भातील धावपट्ट्यांवर ही दोन्ही प्रकारची विमाने एकत्र येणार असल्याने शिक्षकांनी हे चित्र फळ्यावर काढून दाखवावे एवढ्या योग्यतेचे आहे.

डोळ्यांची दुसरी एक फसगत आहे. ज्या विमानाशी टक्कर होणार ते काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे स्थिर राहते आणि अगदी शेवटी एकाएकी मोठे होते. मानवी नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका टिपत नाही. म्हणून वैमानिकाला डोके वळवून, आकाशाचा एकेक तुकडा थांबून पाहावा लागतो.

कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे १८ ऑगस्ट २०२२ रोजी दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. सेसना १५२ चा वैमानिक फेऱ्यांचा सराव करीत होता. सेसना ३४० हे दोन इंजिनांचे विमान दहा मैलांवरून सरळ उतरत असल्याचे सांगून आले. त्याचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होता आणि तो कमी झाला नाही. लहान विमानाच्या वैमानिकाने मागून येणारे विमान पाहिले, ते फार वेगाने येत असल्याने आपण न उतरता पुन्हा वर जातो असे सांगितलेही. त्यानंतर काही सेकंदांत टक्कर झाली आणि तिघे मृत्युमुखी पडले. दोन विमानांच्या वेगात ताशी दोनशे किलोमीटरचा फरक असला तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला पंचावन्न मीटरने घटते. बोलून संपेपर्यंत तीनचारशे मीटर निघून जातात.

त्याहून अलीकडची आणि आपल्याला जवळची वाटावी अशी घटना ८ जुलै २०२५ ची. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाखजवळील एका लहान धावपट्टीवर उड्डाणाचा व उतरण्याचा सराव करणारी सेसनाची दोन विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांत रेडिओ होते आणि दोन्हींत एकटे प्रशिक्षणार्थी होते. दोघेही दगावले. त्यांपैकी एक केरळचा तरुण होता. आपल्याकडील अनेक मुले-मुली वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत जातात. तेथे त्यांचा सराव पुष्कळदा मनोरा नसलेल्या धावपट्टीवरच होतो. सोनेगावसारख्या मोठ्या विमानतळावर पहिले धडे घेऊन गेलेल्यांना परवानगीची वाट पाहण्याची सवय असते आणि स्वतः क्रम ठरविण्याची नसते, ही गोष्ट पालकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

मनोरा असला म्हणजे संकट टळलेच असे मात्र मानू नये. ८ जून २०२४ रोजी मुंबई विमानतळावर एक प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत असतानाच दुसरे त्याच धावपट्टीवर मागून उतरले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. फरक इतकाच की मनोरा असलेल्या ठिकाणी चूक पकडण्यासाठी तिसरी व्यक्ती असते आणि जेथे ती नसते तेथे दोन वैमानिकांपैकी एकाने तरी चूक ओळखावी लागते.

कोणाचा हक्क आधी

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशातील वाटेचे नियम घालून दिले आहेत आणि भारतातही तेच पाळले जातात. जमिनीवर असलेल्या वा उडू पाहणाऱ्या विमानाने उतरणाऱ्या विमानाला वाट द्यावयाची. दोन विमाने उतरत असतील तर जे खाली आहे त्याचा हक्क आधी, वरच्याने मागे सरावे. मात्र खालच्याने या नियमाचा लाभ उठवून फायनलवर असलेल्या दुसऱ्यासमोर घुसू नये. हा शेवटचा अंश फार महत्त्वाचा आहे. एस.टी.च्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसाला फारतर बोलणी खावी लागतात. येथे तशी सवलत नाही. संकटात सापडलेल्या विमानाला सर्वांनी वाट द्यावी, हा नियम या सर्वांच्या वर आहे.

नियम पाळूनही शंका राहिली तर उपाय एकच, उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जाणे. नवशिक्यांना यात कमीपणा वाटतो. चांगले शिक्षक पहिल्या आठवड्यापासून हा सराव करून घेतात, त्यासाठी कारण असो वा नसो. वर जाताना धावपट्टीच्या नेमके वरून न जाता, फेरीची वाट ज्या बाजूला नाही त्या बाजूला थोडे सरकून जावे लागते. त्यायोगे खालून उडणारे विमान डोळ्यांसमोर राहते. डोक्याखाली दडलेल्या विमानावर चढत जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

मनोरा आणि काहीच नसणे यांच्यामध्ये एक पायरी आहे. नॉर्वे, स्वीडन आणि कॅनडासारख्या विरळ वस्तीच्या देशांत तिचा पुष्कळ उपयोग केला जातो. धावपट्टीशेजारी प्रशिक्षित माहिती अधिकारी बसतो. तो परवानगी देत नाही. कोणती विमाने फेरीत आहेत, वारा कोठला आहे, पट्टी मोकळी आहे काय, एवढे सांगतो. निर्णय वैमानिकाचाच राहतो. क्विन्सीला असा एखादा माणूस असता तर ते उत्तर कोणाचे हे त्याने सांगितले असते. मात्र हे काम प्रशिक्षण संस्थेच्या शिक्षकाने आपले शिकविण्याचे काम सांभाळून करावयाचे नसते. त्याचे लक्ष आपल्या विद्यार्थ्याकडे असणे स्वाभाविक आहे आणि दुसऱ्या संस्थेच्या विमानाला त्याचा शब्द बंधनकारक वाटेलच असे नाही. एकाच पट्टीवर दोन संस्था असतील तर फेरीत एका वेळी किती विमाने, वारा पडला असता कोणते टोक आणि बाहेरचे विमान येत असताना सराव कोठे थांबवावयाचा, हे लेखी ठरलेले असावे लागते.

विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारी आणि जवळपासची विमाने पडद्यावर दाखविणारी उपकरणे आता लहान विमानांतही बसविता येतात. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. तथापि ज्या विमानात ते उपकरण नाही, अथवा बंद आहे, ते पडद्यावर दिसत नाही. पडद्यावर कोणी नाही म्हणून आकाशातही कोणी नाही असे मानणाऱ्या वैमानिकाची गत क्विन्सीच्या प्रवासी विमानासारखीच होण्याची भीती असते. धावपट्टीभोवतीचे कुंपण ही त्यामानाने साधी गोष्ट, पण गुरे चरावयास येणाऱ्या माळरानावर तिची किंमत कोणत्याही उपकरणाहून कमी नाही.

क्विन्सीच्या चौकशीतील एक भाग मात्र मनोऱ्याशी संबंधित नाही आणि तो सहसा सांगितला जात नाही. टक्कर होऊनही प्रवासी विमानातील माणसे त्या आघाताने मेली नव्हती. विमानतळावरच असलेले काही वैमानिक धावत तेथे पोहोचले, आतून त्यांना प्रतिसादही मिळाला. विमानाचा दरवाजा आघाताने अडकून बसला होता आणि तो उघडेना. विमानतळावर अग्निशामक दल नव्हते. गावातील बंब येईपर्यंत धुराने आणि आगीने सर्वांचा बळी घेतला. तितक्या लहान विमानांसाठी तेव्हाच्या नियमांनुसार विमानतळावर बंब ठेवणे बंधनकारक नव्हते. तो नसणे हे जीवितहानीचे एक कारण म्हणून मंडळाने आपल्या अहवालात नोंदविले. ज्या धावपट्टीवर दिवसभर शिकाऊ विमाने फेऱ्या घालतात, तेथे पाण्याने भरलेला बंब, तो चालविणारी माणसे आणि दरवाजा फोडण्याची हत्यारे उड्डाणांच्या वेळेत पट्टीशेजारीच असावी लागतात. तालुक्याच्या गावाहून बंब येण्यास जितकी मिनिटे लागतात, तितकी मिनिटे अशा प्रसंगी मिळत नाहीत.